लिंबाखालची जागा

बीडहून येताना नेकनूरच्या अलीकडं, माळावर आमच्या विद्यापीठाचं आवार आहे. गाड्या लावायच्या जागेत सावली म्हणावी असा कडुलिंब एकच, आणि त्या लिंबाखाली योगिताची पांढरी गाडी उभी असायची. रिकामी. वरून लिंबाचा फुलोरा टपावर पडत राहायचा. गाडीला ऊन लागत नाही, भूक लागत नाही, झोप मोडली म्हणून ती रडत नाही, तरी सावली तिला. आणि माझा तान्हा वासिफ फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, गाडीच्या तापलेल्या पत्र्यात.

आधी असं नव्हतं. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, रसायनशास्त्र घेऊन. वासिफ अजून अंगावर पितो. बाटली तोंडाला लावली की जिभेनं बाहेर ढकलतो आणि असा बघतो, जणू मी त्याला फसवायला निघालेय. शिक्षण सोडायचं नाही आणि पोराचं दूधही तोडायचं नाही, यावर माझ्या नवऱ्यानं, साजिदनं तोड काढली होती. त्याचं नेकनूरला गॅरेज आहे. माझ्या सासऱ्यांनी, चाँद अब्बांनी घालून दिलेली शिस्त अशी, की दुरुस्त झालेली गाडी भर दुपारी लांब चक्कर मारल्याशिवाय मालकाला द्यायची नाही. इंजिन तापल्यावरच गाडी आपली खोड दाखवते म्हणतात. साजिद ती चक्कर आमच्या आवारापर्यंत मारायचा. मागच्या सीटवर अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, वासिफला मांडीवर घेऊन.

मधली सुट्टी झाली की मी प्रयोगशाळेतून पळत यायचे. आम्लाचा वास जाईस्तोवर हात साबणानं घासायचे, काचेला ओढणी अडकवायचे आणि लेकराला जवळ घ्यायचे. कधी जीप असायची, कधी शाळेची व्हॅन, कधी एखाद्या पुढाऱ्याची काळी लांबलचक गाडी. वासिफला सगळ्या सारख्याच. लिंब मोठा, त्याच्या सावलीत योगिताची गाडी आणि आमची त्या दिवसाची गाडी शेजारीशेजारी मावायच्या. दूध उतरलं की तो माझा अंगठा मुठीत धरून डोळे मिटायचा.

मग पोरांनी घोळ केला. रील काढायला कुणीतरी मैदानात गाडी गरागरा फिरवली आणि एका मुलीच्या स्कूटीचा चेंदामेंदा झाला. मुलगी थोडक्यात वाचली. लगोलग नियम आला. विद्यार्थ्यांच्या चारचाकीला स्टिकरशिवाय आत सोडणार नाही. स्टिकर एकाच गाडीला, आणि ती गाडी स्वतःच्या, आईबापाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर पाहिजे. रोज वेगवेगळ्या गाड्या आणणाऱ्यांना अजिबात सवलत नाही, असंही खाली छापलं होतं. ते वाचताना माझे कान तापले. अशी रोज वेगळी गाडी आमच्याशिवाय कुणाची होती? आणि नावावर बघायला गेलं तर आमची एक जुनी मोटरसायकल.

फाटकावरच्या बंकटमामांनी मला बाजूला घेतलं. ते म्हणाले, "पोरी, म्या तुला कशाला अडवीन? पन वर क्यामेरा हाय."

आत पाजायला दुसरा आडोसा नाही, म्हणून तेव्हापासून वासिफ बाहेर, गाडीतच. रस्त्यानं खडीचे टिप्पर जायचे, त्यांच्या भोंग्यानं तो दचकून तोंड सोडायचा, आणि पुन्हा धरायला तयार नसायचा. मानेला घामोळ्या उठल्या. तो अर्धपोटी झोपायचा आणि मी ओल्या ब्लाउजवर ओढणी पसरून प्रात्यक्षिकाला उभी राहायचे. एका सकाळी त्याच्या मानेला पावडर लावता लावता अम्मी म्हणाल्या की महिनाअखेरपर्यंत काय ते ठरव, एक तर याचं दूध तोड, नाहीतर कॉलेज. रागानं नाही म्हणाल्या, हळूच म्हणाल्या. साजिद खाली मान घालून मोटरसायकल पुसत राहिला, ते जास्त लागलं.

सगळी आग मी योगितावर काढायचे, मनातल्या मनात. आमच्याच वर्गातली, सासर पाटोद्याचं, शिकायला बीडला खोली केलेली. कुणात फारशी मिसळायची नाही. तिचे कपडे कडक इस्त्रीचे, कुठं दुधाचा डाग नाही. मी धापा टाकत फाटकाकडं निघायचे तेव्हा ती लायब्ररीच्या खिडकीत पुस्तक उघडून निवांत बसलेली. हिला रात्री सलग झोप लागत असणार, या एका विचारानं माझं पित्त खवळायचं. लिंबावरचे कावळे तिच्या काचेवर घाण करोत, असं मागूनही झालं. एकदा तर तिच्या स्टिकरचा कोपरा नखानं उचकटायला मी वाकले होते. कुणीतरी आलं म्हणून बांगडी नीट केल्यासारखं केलं.

आणि तिचीच गाडी बिघडली. नेकनूरजवळ क्लच गेला आणि ढकलत ढकलत साजिदच्या दारात आली. साजिदनं घरी येऊन सांगितलं, तुझ्या वर्गातली एक बाई आलती. पांढरी गाडी म्हटल्यावर माझा हात भाकरीवरच थांबला. काचेवर स्टिकर असलेलीच का, विचारलं. तो हसला. उद्या ट्रायल मारून संध्याकाळी देतो, असं तिला सांगितलंय म्हणाला. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. तर तो आमच्या घरच्या बोलीत म्हणाला, "गाडी किसकी बी रहो अनिसा, छाँव तो झाड की है."

मी वाद घातला नाही. मला ते हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी बंकटमामांनी स्टिकर पाहिलं, नंबर पाहिला, मागं बसलेल्या अम्मींना आणि वासिफला पाहिलं, मग आभाळाकडं बघत आडवा दांडा उचलला. मी पोचले तेव्हा साजिद चहाला गेला होता. वासिफला माझ्याकडं देऊन अम्मी पाण्याची बाटली भरायला निघाल्या. वासिफनं पहिल्यासारखी झडप घातली. मी योगिताच्या मऊ सीटवर पाय लांब केले. वारा आत येत होता. हे सगळं आपलंच असतं तर, म्हणून मी गाडीभर नजर फिरवली आणि शेजारी पाहिलं. लहान बाळाला बसवायची खुर्ची, पट्ट्यांसकट. तिच्यावरचं दुकानातलं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

तेवढ्यात ओढणीच्या फटीत योगिता दिसली.

ती पुढचं दार उघडून बसली, समोर बघत. मी म्हटलं, ट्रायल चालू आहे. माहीत असल्याचं तिनं सांगितलं. वासिफच्या घोटांचा आवाज तेवढा येत होता. मग तिनं विचारलं, किती महिन्याचा. मी सांगितलं, आठवा चालूय.

"माझीला दहावा," ती म्हणाली. "पाटोद्याला असती, सासूबाईंजवळ. शिकायचं तर शिक, म्हनल्या, पन लेकरू हितं ठिव. दूध आपसूक आटलं. आता मी गेले की त्यांच्या पदराआड लपती."

मी वासिफच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

"तक्रारीचा अर्ज मी दिलता," ती म्हणाली. "रोज येगळ्या गाड्या येतेत म्हनून."

"कावून? गाड्यांचं काय?"

"गाड्यांचं न्हाई. तुमी पळत यायच्या, काचेला ती ओढणी लागायची. मला बघवत नव्हतं. त्या खिडकीत बसले तरी पुस्तकातली एक वळ डोक्यात जायची न्हाई."

मला राग आला. घामोळ्या आठवल्या, टिप्परचे भोंगे आठवले. तोंडावर चार शब्द फेकावेत इतका आला. पण त्याच्या आधी दुसरंच काही आलं. जिच्यावर मी इतके दिवस जळत होते ती माझ्यावर जळत होती, हे ऐकून मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. वाटायला नको होतं.

वासिफ पिऊन झाला आणि तिच्याकडं वळून बघायला लागला. तिनं पर्समधून दुसरी किल्ली काढली आणि सीटवर माझ्या बाजूला ठेवली.

"सुट्टीत हितंच बसत जा. बाहेर गाडी लावा आन् ह्याला चालत आना. चालत येनाऱ्याला कुठं स्टिकर लागतंय?" मग म्हणाली, "मीबी येऊन बसत जाईन. तुझं झालं की थोडा वेळ माझ्याकडं दे त्याला."

तुमीवरून ती तूवर कधी आली कळलं नाही. मी किल्ली घेतली.

आता साजिद मिळेल ती गाडी फाटकाबाहेर लावतो आणि अम्मी पदराची सावली करून वासिफला आत आणतात. महिना संपला, पण दूध नाहीतर कॉलेज, हे अम्मींनी पुन्हा काढलं नाही. घामोळ्या गेल्या, गाल भरले. सुरुवातीला योगितानं घेतलं की तो ओठ काढून रडायचा. मी लगेच परत घ्यायचे, आणि खोटं कशाला लिहू, मला ते रडणं गोड वाटायचं.

आता रडत नाही. तिच्या मंगळसूत्राशी खेळतो, तिच्या मांडीवर डुलकी काढतो. काल त्यानं झोपेत तिचा अंगठा मुठीत धरला. ती हलली नाही, श्वाससुद्धा जपून घेत होती. सावली तिची, गाडी तिची, मला जे जे हवं होतं ते तिनं देऊन टाकलं, आणि ती मागते काय, तर एवढंच.

सुट्टी संपायला अजून अवकाश होता.

"चल, घंटा होईल," मी म्हटलं आणि हात पुढं केले.