पडद्यामागची मतपेटी

मित्रांनो, बायकांना कामावरून काढायचा तो ठराव पास झाला असता तर पावनदादांना काय मिळणार होतं, ते आधी ऐका. शिवणखात्यातल्या चौदा बायका घरी, त्यांची चौदा मशिनं रिकामी, आणि त्यांवर बसायला दादांच्या प्रार्थनामंडळाची चौदा माणसं तयार! देवाला काय मिळणार होतं, ते मात्र दादांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मी एक जुनी लाकडी मतपेटी आहे. शिंप्यांच्या सहकारी कारखान्यात सुतारानं उरल्यासुरल्या फळ्यांतून मला ठोकली. इथं कागदाच्या चिठ्ठ्या नाहीत, बटणं पडतात. कपडे घालून बघायच्या खोलीत, पडद्यामागे मी बसते. शेजारी बटणांची बरणी. पांढरं म्हणजे 'हो', काळं म्हणजे 'नाही'. कोणी काय टाकलं ते फक्त मला ठाऊक, आणि मला तोंड आहे ते नुसतं गिळायला.

मतदानाच्या दिवशी दादा गरजले, "बायका-पुरुष एका खोलीत काम करतात, हा अधर्म आहे! देवानं निकाल दिलाय, आपण फक्त मान डोलवायची."

"मग मत कशाला मागता? आणि माझं पोट मताला टाकायचं ठरवलं कुणी?" काजमावशी म्हणाल्या. त्या बटणांची काजं करायच्या, म्हणून हे नाव. नवरा गेल्यापासून घर त्यांच्या मशिनावर चालायचं.

पहिल्या त्याच आत आल्या. बरणीत हात घातला, तर सगळी पांढरी! दादांच्या माणसांनी काळी वेचून नेली होती. मावशींनी अंगातल्या कामाच्या कोटाचं काळं बटण तटकन तोडलं आणि माझ्यात टाकलं. माझ्या फळ्या शहारल्या, मित्रांनो!

पण त्या बाहेर पडताच दादा हसले. "मावशी, बटण कुठं सांडलं? कळलं हो तुमचं मत!"

रांगेतल्या सगळ्यांचे कोट सारखेच, काळ्या बटणांचे. 'नाही' म्हणणारा प्रत्येक जण आता असाच पकडला जाणार होता.

तेवढ्यात कटिंगमास्तर उठले. प्रार्थनेला पहिल्या ओळीत बसणारे, दादांहून जुने भाविक. त्यांनी बरणीत डोकावलं, मोठी कात्री उचलली आणि स्वतःपासून सुरुवात करून प्रत्येकाच्या कोटाचं एकेक बटण कचकन कापून ज्याच्या त्याच्या हातावर ठेवलं. दादांचंसुद्धा!

"मास्तर, देवाच्या कामात आडवे येताय!"

"देवाला बरणीत हात घालावा लागत नाही, दादा. सरळ उभे राहा, कात्री लागेल." मग ते रांगेकडे वळले. "काळं टाकायचंय त्यानं हे टाका. पांढरं टाकायचंय त्यानं हे खिशात ठेवा. तुमचं तुम्ही, पडद्याआड!"

टक्, टक्, टक्! काय ती दुपार! एवढा जीव माझ्यात कधी आला नव्हता. मोजणी झाली. काळी एकोणीस, पांढरी बारा. मशिनं पुन्हा धडधडू लागली.

मित्रांनो, मतावरचा पडदा जपा. तो सरकवणारा हात नेहमी देवाचंच नाव घेऊन येतो असं नाही, पण आला तर ओळखा.

आता शेवटचा हिशेब. दादांचं काहीच गेलं नाही, पुढच्या वर्षी तोच ठराव घेऊन ते पुन्हा उभे राहणार आहेत. मास्तरांची पहिल्या ओळीतली जागा गेली, ते आता घरीच प्रार्थना करतात. तीस जणांची मतं झाकली राहिली. एकीचं तेवढं सगळ्यांना कळलं होतं. त्याच संध्याकाळी काजमावशींच्या, दादांच्या प्रार्थनामंडळातल्या सख्ख्या भावानं त्यांना बघून दार लावून घेतलं. ते अजून लावलेलंच आहे.