दवंडीतला श्वास

माणसाला अर्थ कळतो तो शब्दांतून नव्हे, लयीतून. हा सिद्धांत भीमराजला भोंगा बांधलेल्या ऑटोच्या मागच्या सीटवर, बकऱ्यांच्या लसीकरणाची सूचना देताना सापडला होता.

बोरी अरबच्या अलीकडच्या त्याच्या गावात सतरा वर्षं दवंडी त्याचीच. भोंगा इतका फाटका, की पाच घरांपलीकडे शब्द पोचतच नसत. नुसती घरघर जाई. तरी मयत असली की माणसं डोक्याला दुपट्टा बांधून बाहेर येत, आणि नळाची सूचना असली की बाया पाण्याचे गुंड-घागरी घेऊन. कसं काय? भीमराजनं यावर बराच विचार केला होता. मयतीला तो प्रत्येक नावानंतर एक श्वास थांबायचा, नळाला थांबत नसे. गाव तो श्वास ऐकत होतं.

म्हणून ग्रामपंचायतीनं मजकूर टाकला की आपोआप बोलणारा मोबाइलमधला आवाज आणला, तेव्हा तो घाबरला नाही. आवाज बाईचा होता आणि बाईला श्वासच नव्हता. सरपंच समीक्षाताई म्हणाल्या, एक सूचना तिला देऊन पाहू; लोक आले तर पुढं ती, नाही आले तर भीमराजभाऊ तुम्हीच.

मंगळवारी ब्याण्णव वर्षांचे बापूजी वारले. भीमराजला वाईट वाटलं, पण पूर्ण नाही. नेहमीचा ऑटोवाला सेवादास मोबाइलमधल्या बाईला घेऊन निघाला. साड्यांचा सेल लागल्याच्या आनंदात ती दुःखद निधनाची बातमी देत गेली. भीमराज बापूजींच्या दारात उभा राहून कोणी न येण्याची वाट पाहू लागला.

सगळं गाव आलं. दुपट्टे बांधून.

त्यानं शकुबाईला बाजूला घेतलं. "मावशी, तुले कसं समजलं मयत हाय म्हणून? थो आवाज तर हासून राह्यला होता."

"आवाज कोन आयकते, बाप्पा," शकुबाई म्हणाली. "सेवादासचा ऑटो पह्यल्या गेरात गेला ना. मयत असली का थो तसाच चालवते."

भीमराज सेवादासकडे गेला. ही लय त्याला कुठून सुचली, हे त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"नळाचं सडकेवरून सांगतलं तरी चालते, मयतीले बोळीबोळीतून जा लागते," सेवादास म्हणाला. "तिथं दुसरा गेर पडत नाही."

बुधवारी नळाची सूचना बाईनं दिली.