केळीच्या बुडाशी पाहुणा

जानेवारीतल्या त्या दुपारी जर्मनीतल्या एरफुर्टच्या बागेत रोस्विथानं केळीभोवतीच्या जाळीतून आत हात घातला. हाताला वाळका पाला लागायला हवा होता. लागला ओला लगदा.

केळ तिच्या थोरल्या भावाची, ओटमारची. त्या गारठ्याच्या मुलखात केळ तान्ह्या बाळासारखी जपावी लागते. थंडीच्या तोंडाशी पानं छाटायची, बुंध्याभोवती जाळी उभी करायची, आत वाळका पाला ठासायचा, वर झाकण. असे दोन हिवाळे बुंधा तगला होता. हा तिसरा निभला की उन्हाळ्यात केळफूल! खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात पडलेला म्हातारा ओटमार त्या फुलाच्या आशेवरच दिवस काढत होता. जाताना एवढंच म्हणाला होता, "रोझी, झाकणावर वीट ठेवायला विसरू नकोस."

रविवारी ऊन पडलं म्हणून तिनं पाल्याला हवा दिली. झाकण परत ठेवलं, पण चर्चमधल्या भजनाच्या घाईत वीट तेवढी राहिली. पुढचं काम वाऱ्यापावसानं केलं. आणि आज रात्री पारा उणे पंधरावर उतरणार होता.

शेजारच्या बागेतला लोथार विजेवर तापणारी तार घेऊन आला. "थुरिंगियाच्या या थंडीत केळी पिकवतायत! पुढल्या वर्षी दारात हत्ती बांधा."

"थट्टा मागाहून कर. तार कुठून गुंडाळायची?"

"पार बुडापासून. सगळा पाला उपसायचा, तोही अंधाराच्या आत."

दोघं भराभर उपसू लागली. गुडघ्याखाली पाला कोरडा लागला, तशी रोस्विथाला जरा आशा वाटली. तोच तिनं हात झटकन मागं घेतला. बोटात काटा रुतला होता. बुडाशी, पाल्याच्या घरट्यात, काट्यांचा गोळा होऊन एक इगेल, साळिंदराहून कितीतरी लहान असा तिकडचा काटेरी प्राणी, हिवाळ्याची झोप घेत होता. ज्याला आसरा हवा त्याला देव जागा दाखवतो. जागा कुणाची, ते मात्र विचारत नाही.

"झाला घोटाळा," लोथार पुटपुटला. "आत्ता उठवला तर या थंडीत मेलाच म्हणून समज."

"आणि नाही उठवला तर बुंधा गेला."

उजेड उतरत चालला होता. तिनं भावाला फोन लावला. "ओटमार, माझ्याकडून वीट राहिली रे." मग सगळं सांगितलं.

"लठ्ठ आहे का?"

"कोण?"

"इगेल गं!"

"आहे बऱ्यापैकी."

"मग पोटभर खाऊन निजलाय बिचारा. करवत खुंटीला आहे. बुंधा गुडघ्याएवढा ठेवून वरचा काप."

"आणि फूल?"

"कंद जगला तर बुडातून मुनवे, नवे कोंब फुटतील. मग आणखी तीन हिवाळे."

"अरे, पण तोवर तू..."

"तोवर तू वीट ठेवायला शीक."

करवत लोण्यातून जावी तशी गेली. पांढराशुभ्र गाभा पाणी गाळत चिखलात आडवा झाला. रोस्विथानं डोळे पुसले, कोरडा पाला हलक्या हातानं त्या निजलेल्यावर सारखा केला, आणि नकळत रविवारचंच भजन गुणगुणू लागली.

"हळू गा," लोथार दबक्या आवाजात म्हणाला, "उठेल तो."

तिनं झाकण बसवलं, वर वीट ठेवली, दाबून पाहिली. लोथार आपल्या बागेत गेला आणि दुसरी वीट घेऊन आला.