आधीच आलेलं हसू

सुतारमामा एक वाक्य आधीच हसले आणि घरातला वाचनाचा तास त्या हसण्यावर मोडला.

झालं असं. दुपारची जेवणं आटोपली होती, भांडी निथळत होती, खिडकीतला उन्हाचा पट्टा टेबलावरून उतरून मामांच्या गुडघ्यावर येऊन बसला होता. समोर त्यांची थोरली बहीण आक्का कादंबरी वाचत होती. कादंबरीतला विसरभोळा डॉक्टर पेटी घेऊन एका दारापाशी पोचला होता. दार अजून उघडायचं होतं. तो चुकीच्या घरात शिरणार, तिथे जेवायला बसलेल्या धडधाकट माणसाची नाडी धरणार आणि "फार उशीर केलात हो!" म्हणणार, यातलं आक्काला काही ठाऊक नव्हतं. पान उलटल्याशिवाय पुढे डोकवायचं नाही, हा तिचा नेम. दोघांनी गोष्टीत पाऊल टाकायचं ते बरोबरीनं.

आणि मामा खुदकन हसले.

आक्का थांबली. पुढच्या ओळी तिनं मनात वाचल्या. मग चष्मा काढला.

"धाकट्या, कशाला हसलास?"

"ते... डॉक्टर."

"डॉक्टर अजून दाराबाहेर उभा आहे."

मामांच्या नजरेत मधोमध धुकं होतं, कडेकडेला तेवढा उजेड. समोरच्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही, पण खांदे दिसायचे. आक्काचे खांदे ताठ झालेले त्यांना दिसले.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. आधी वाचलंयस तू हे?"

"वाचलं नाही गं. ऐकलं."

"कुठे?"

मामांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला.

हा फोन शिकायला आक्कानंच तर त्यांना लायब्ररीत नेलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आता चष्म्यानं भागणार नाही म्हणून सांगितलं, वर चिठ्ठी दिली, की हिच्यावर लायब्ररीची बोलती पुस्तकं मिळतील. तिथे शिकवणारी ताई जन्मापासून अंध. काचेवर बोट फिरवलं की फोन बोलतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो, पुस्तक मध्येच सोडलं तर परत येईपर्यंत जागा धरून बसतो, हे सगळं तिनं मामांच्या बोटाला बोट लावून शिकवलं. तिचा स्वतःचा फोन इतका भरभर बोलायचा की डब्यात चणे खडखडावेत.

"यात शब्द कुठला कळतो, ताई?" मामांनी विचारलं होतं.

"पायाखालची वाट झाली की पाऊल आपसूक उचलतं ना, मामा? कानाचंही तसंच. हळूहळू वेग वाढवा."

मामांनी वाढवला. घरी मात्र सांगितलं, की फोनवर बातम्या ऐकतो.

"पुस्तक संपलं तुझं?" आक्कानं विचारलं.

"संपलं."

"आणि मी इथे घसा कोरडा करतेय! दारांचे आवाज काढतेय, डॉक्टरचा खोकला काढतेय! मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. तुला तर मिटायचीही गरज नाही!"

बोलून गेली. आक्कानं ओठ आवळले, पण सुटलेला शब्द काही परत येईना.

"टोमणा बरा होता," मामा हळूच म्हणाले.

"हसू नकोस."

"आता कुठे हसतोय? आता दार उघडलंय."

आक्कानं पुस्तक मिटलं. खूण ठेवली नाही.

त्यानंतर दुपारी त्या घरात फक्त पंखा बोलायचा. आक्का पाणी द्यायची, चपला सरळ करून ठेवायची, जिन्यावर कोपर धरायची. काही चुकू द्यायची नाही. पण "पायरी", "वळण", "गरम आहे", इतकंच. सख्ख्या भावाशी ती तार केल्यासारखं मोजून बोलू लागली. मामा पलंगावर पडून फोन कानाला लावत, दुसरं पुस्तक सुरू करत आणि बंद करत. फोन ज्याची त्याची जागा धरून ठेवत होता. पण कुठल्याच जागी परत जावंसं वाटत नव्हतं.

आक्काचीही गत निराळी नव्हती. एका दुपारी तिनं ती कादंबरी एकटीनं उघडली. डोळे ओळीवरून गेले, मन मागेच राहिलं. डॉक्टर दाराबाहेर उभा तो उभाच. समोर कुणी ऐकणारं नसलं, की शब्द नुसते रांगेत बसतात, उठून चालत नाहीत. तिनं पुस्तक उशीखाली सारलं आणि भाजी निवडताना पुटपुटली, 

एका झाडाच्या दोन फांद्या, वारा एकीला लागला
दुसरीच्या पानोपानी त्याचा झोका जागला

पुटपुटली आणि स्वतःवरच चिडली.

ठरल्या दिवशी ती मामांना लायब्ररीत घेऊन गेली आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आत ताईनं विचारलं, "मामा, आज जिन्यात तुमच्या आक्काचा आवाज आला नाही. बरं नाही का त्यांना?"

"बरी आहे. माझ्याशी भांडलीय."

मामांनी सगळं सांगितलं. ताई आधी खळखळून हसली. "आधीच हसलात? अहो, असा चोर मी पाहिला नाही. म्हणजे, मी कुठलाच पाहिला नाही!" मग तिचा आवाज खाली आला. "माझी आई वाचून दाखवायची मला. शाळेची पुस्तकं, गोष्टी, सगळं. मी पहिलं पुस्तक स्वतः ऐकलं ना, त्या दिवशी मी घरभर नाचले. ती नुसती बरं झालं म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, सुटली बिचारी. वाचताना तिला काय मिळत होतं, हे मी विचारलंच नाही. आता विचारायला ती नाही."

मामा कितीतरी वेळ फोनच्या काचेवर बोट फिरवत बसले. फोन घड्याळ, हवामान, बॅटरी असं काहीबाही सांगत राहिला.

घरी आल्यावर आक्का चहा टाकायला वळली तशी मामांनी खुर्ची ओढली, थेट स्वयंपाकघराच्या दारात.

"वाट अडवू नकोस."

"आक्का, वाचताना तुला काय मिळायचं?"

"काय मिळायचं म्हणजे? दुकान होतं का माझं?"

"सांग ना."

आक्कानं गॅस बारीक केला. उत्तर द्यायचं नव्हतं तिला, पण पाठ फिरवलेली असली की माणसाला बोलणं सोपं जातं.

"टेलिफोनमध्ये होते मी, लोकांचे फोन जोडून द्यायला. जन्म गेला तिथे. कानाला यंत्र, हातात दोऱ्या. 'जोडते', म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. पुढचं ऐकायचं नाही, असा नियम. कुणी म्हणायचं, 'आई, मी बोलतोय', की मी बाहेर. कुणी नुसतं रडायला लागायचं, की मी बाहेर. हजार गोष्टींची पहिली वाक्यं ऐकली मी, धाकट्या. कुठे काय झालं, कोण घरी आलं, कोण नाही आलं, काही कळलं नाही कधी." चहा वर आला, तिनं खाली घेतला. "तुला वाचून दाखवताना पहिल्यांदा कुणीतरी मला शेवटपर्यंत लाईनवर राहू दिलं. आणि माझा आवाज ऐकायला एक माणूस समोर होतं. झालं समाधान?"

डोळ्यांच्या कडेनं मामांना पातेल्यावरची वाफ दिसत होती.

"मला वाटायचं, तुझ्यावर भार पडतो. घसा बसतो तुझा, शेवटी शेवटी खरखरतो. आणि दुसरं एक..." ते थांबले. "दिवसभर मागत असतो मी. पाणी माग, चपला माग, हा रंग कुठला विचार, कोण आलं विचार. ज्या हातांनी लोकांची घरं उभी केली ते हात सारखे पुढे पसरलेले. पहाटे जाग आली, की फोन कानाला लावतो आणि पुस्तक चालू होतं. कुणाला उठवायचं नाही, थँक्यू म्हणायचं नाही. एवढी एक गोष्ट न मागता मिळते गं."

"मग तसं सांगायचं."

"तू वाचायला बसलीस की चेहरा उजळतो तुझा."

"तुला दिसतो होय माझा चेहरा?"

"आवाजाचा चेहरा गं. तो दिसतो."

आक्कानं चहा गाळला. एक कप मामांच्या हाताशी नेला, कपाचा कान बरोबर त्यांच्या बोटाकडे फिरवून ठेवला. मग दुसरी खुर्ची ओढली.

"फोनवर ते वाचणारं कोण आहे? बाई की बुवा?"

"बाई."

"आवाज बरा आहे?"

"मशीन आहे गं ते!"

"मशीन असलं म्हणून काय झालं? बरा आहे का, ते विचारलं."

"स्वच्छ आहे. पण डॉक्टर आणि रोगी एकाच नाकातून बोलतात."

"हं," आक्का म्हणाली. त्या एका हुंकारात बराच राग विरघळला. चहाचा घोट घेतला, कप ठेवला, पुन्हा उचलला. "गोष्टीतली ती नावाड्याची मुलगी... घर सोडून गेलेली. परत येते का?"

"सांगू?"

"नको." थोड्या वेळानं, "जिवंत आहे का, तेवढं सांग."

"आहे."

"बरं. आता थांब."

"तिचा नवरा मात्र..."

"थांब म्हटलं ना!"

पण मामांना राहवेना. इतके दिवस गोष्ट पोटात एकटीच फिरत होती. ते सांगू लागले, आणि सांगताना त्यांच्यातला सुतार मध्ये मध्ये येऊ लागला. नावाड्याची होडी लेखकानं ज्या लाकडाची केली ते पाण्यात टिकूच शकत नाही, पेटीचं झाकण आतून बंद होणं शक्य नाही, कडी बाहेर असते. डॉक्टर ज्या दारातून शिरला ते दार आत उघडतं की बाहेर, यावर त्यांनी चहा थंड केला.

"अरे, पण डॉक्टरचं झालं काय?" आक्का कावली.

"सांगतो. तर ते दार..."

"दार मेलं! तू गोष्ट सांगतोयस की खोली बांधतोयस?" ती उठली, आतून पुस्तक घेऊन आली, पानं चाळून जागा शोधू लागली. "सरक. पुढचं मी वाचते. तुला संपलेलं असेल, मला नाही. आणि तुला माहीत असलेल्या जागा आल्या तर आल्या."

"आणि हसू आलं तर?"

"तर हस की. नंतर मीही पोचतेच तिथे."

ती वाचू लागली. आवाज आधी खरखरला, मग वाट सापडल्यासारखा मोकळा झाला. गोष्टीतल्या नदीकाठच्या घरात दिवा लागला, आणि दारात एक बाई उभी राहिली. मामांना माहीत होतं कोण. तरी ते खुर्चीत पुढे सरकले, कारण आक्कानं त्या बाईला जो आवाज दिला तो त्यांनी कुठेच ऐकला नव्हता.