मूळ प्रत

"फाईल माझ्याच हातात ऱ्हाईल," अण्णा म्हणाले आणि दारातल्या माणसाने पुढे केलेला प्लॅस्टिकचा ट्रे त्यांनी एका बोटाने मागे सारला.

"काका, सगळ्यांची ट्रेमध्येच जाते. वर टोकन लावतो आम्ही."

"लावा की. फाईल मी धरून बसतो, टोकन माझ्या खिशाला लावा."

मागच्या रांगेतले दोघे-तिघे हसले. मला हसू आलं नाही. जालना रोडवरच्या त्या हॉटेलच्या हॉलमध्ये व्हिसा केंद्राची माणसं महिन्यातून दोनच दिवस मुंबईहून यायची, आणि आज त्यातला पहिला दिवस होता. सुयशच्या कंपनीने दिलेल्या पत्राची मुदत तीस तारखेला संपत होती. आज-उद्यात अर्ज घेतला गेला, तर मी सुयशकडे, माझ्या नवऱ्याकडे, जाणार. नाहीतर सगळं पहिल्यापासून, म्हणजे आणखी सहा महिने. लग्नाला चौदा महिने झाले होते आणि त्यातला जेमतेम एक महिना आम्ही एकत्र राहिलो होतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील कडुबा साळवे, अर्जनवीस आहेत. अदालत रोडला कोर्टाच्या भिंतीला लागून त्यांचं टेबल आहे, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, संमतीपत्रं ते लिहून देतात. दिवसभर दुनियेच्या थापा आपल्या वळणदार अक्षरात लिहून काढणाऱ्या माणसाचा कुणावरच विश्वास उरत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलेय. दूधवाल्याचं माप, रिक्षावाल्याचं मीटर, डॉक्टरची सही, सगळ्यांकडे ते एकाच नजरेने बघतात. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा त्यांनी आधी गुणपत्रिका उजेडात धरून तपासली आणि मग पेढा तोंडात टाकला.

मग परदेशातल्या जावयाला ते कसे सोडतील?

सुयश लासूर स्टेशनचा. वाळूजला एका कारखान्यात मशीनवर होता, तिथून झेक देशातल्या मोटारीच्या कारखान्यात गेला. लग्न झालं, महिनाभर राहिला आणि परत गेला. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा अण्णांनी मुद्दाम स्पीकर लावायला सांगितलं होतं.

"अण्णा, जयभीम. कागद सगळे पोस्टाने पाठवून द्या मुंबईच्या पत्त्यावर. पोस्टानं चालतंय. उगं रांगेत कशाला उभं ऱ्हायचं?"

"बरं," अण्णा म्हणाले. फोन ठेवल्यावर चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "पोस्टानं कामून म्हनतो हा?"

"सोपं पडतं म्हणून."

"कुनाला सोपं पडतं? टपाल मधीच कुठं पडून ऱ्हायलं, तर कुनाला सोपं? तिकडून म्हननार, मी तर बोलावलं व्हतं, कागदच नाय आले. नाय. कागद हातानं द्यायचे. समोरच्याचं तोंड बघून द्यायचे."

"तुमी पोरीच्या डोक्यात काय बी भरू नका," आई स्वयंपाकघरातून ओरडली.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात ते आधीपासूनच होतं. व्हिडिओ कॉलवर मी सुयशच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या मागचंच जास्त बघायचे. एकदा बेसिनमध्ये दोन कप दिसले. "दुसरा कुणाचा?" मी विचारलं. तो म्हणाला, केरळचा एक जण असतो सोबत. मग त्या केरळवाल्याला कधी कॅमेऱ्यासमोर का आणत नाही, असं मनात आलं आणि दोन दिवस झोप उडाली. तिसऱ्या दिवशी तो केरळवाला स्वतःच समोर आला, हात जोडून 'भाभी नमस्ते' म्हणाला, तर मला वाटलं, मुद्दाम बोलावून आणलंय. मला माझीच लाज वाटली, पण संशय काही गेला नाही. मी अण्णांचीच मुलगी.

त्यात अण्णा जेवताना पिशोरच्या एका पोरीचं सांगायचे. तिचा नवरा कुवेतला गेला तो गेलाच. चार वर्षं ती दर मंगळवारी एसटीने येते आणि अण्णांकडून अर्ज लिहून घेऊन जाते. "अर्ज त्योच ऱ्हातो," अण्णा म्हणायचे, "मी फक्त तारीख बदलतो." एवढं बोलून ते पुढचा घास घ्यायचे, आणि माझा मात्र हातातच राहायचा.

तर असे आम्ही दोघं अकरा वीसच्या वेळेसाठी साडेनऊलाच येऊन बसलो होतो. अण्णांनी फाईल पोटाशी धरली होती. ऑनलाईन फॉर्म मी भरला होता. कागद जमवणं, लावणं, नंबर टाकणं हे सगळं त्यांनी केलं. आमच्या घरात कागद हा त्यांचाच प्रांत आहे, तिथे दुसऱ्या कुणी हात घातलेला त्यांना खपत नाही.

"ती काउंटरवाली बघ," ते माझ्या कानाशी म्हणाले. "वाचत नाय, नुसती पानं उलटते."

"वाचत असेल हो."

"पस्तीस वर्षं झाली मला. वाचनाऱ्याचे डोळे येगळे असतात."

आमचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीच्या छातीवरच्या बिल्ल्यावर सोनिया असं नाव होतं. माझ्याच वयाची असेल. तिने पासपोर्ट बघितला, फोटो मोजले, कंपनीचं पत्र दोनदा वाचलं. अण्णा चुकीचे होते, ती नीट वाचत होती. मग तिने विवाह नोंदणीचा दाखला हातात घेतला आणि तो वाकवून बघितला. कडक आवाज झाला.

"हा लॅमिनेट केलेला आहे."

"व्हय," अण्णा म्हणाले.

"मूळ दाखला असा चालत नाही, काका. याच्या मागे आम्हाला शिक्का मारावा लागतो. प्लॅस्टिकवर कसा मारू?"

दाखला मिळाला तो दिवस मला आठवला. वॉर्ड ऑफिसातून आम्ही बाहेर पडलो आणि तासाभरात अण्णांनी तो समोरच्या दुकानातून लॅमिनेशन करून आणला. अजून गरम होता. माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता ह्याच्यावर कुनाचं ब्लेड चालत नाय." तारखा खरवडून बदललेले कागद त्यांनी आयुष्यभर बघितले होते. आमच्या घरातला प्रत्येक दाखला असाच चकचकीत आहे, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"पण आम्हाला कुणी सांगितलं नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"ताई, यादीत आहे. नववा मुद्दा." सोनियाने आमच्याच फाईलच्या तळाशी असलेली यादी काढली आणि माझ्यासमोर सरकवली.

सुयशने पाठवलेली ती इंग्रजी यादी मीच छापून अण्णांना दिली होती. त्यांनी प्रत्येक मुद्द्यासमोर लाल पेनाने बरोबरची खूण केली होती आणि समासात मराठीत लिहिलं होतं: फोटो चार. पत्र मूळ. बँकेचा शिक्का. नवव्या मुद्द्यासमोर, त्याच सुंदर अक्षरात, लिहिलं होतं: लॅमिनेशन नको. त्याखाली रेघही मारली होती.

मी अण्णांकडे बघितलं. ते सोनियाच्या मागच्या भिंतीकडे बघत होते.

"बाकी सगळं व्यवस्थित आहे," सोनिया म्हणाली. तिलाही काहीतरी कळलं असावं, कारण ती एकदम हळू बोलायला लागली. "उद्या पाचपर्यंत आम्ही आहोत. नवीन दाखला आणा, मी लगेच घेते."

बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर मी त्यांच्या समोर येऊन उभी राहिले.

"तुम्ही वाचलं होतं."

"व्हय."

"कधी?"

"आठ दिस झाले."

"आठ दिवस! नवीन दाखला केव्हाच मिळाला असता. अण्णा, तुम्ही मला सांगितलं नाही?"

त्यांनी फाईलमधल्या कागदांचे कोपरे सारखे केले. ते बघून मला भयंकर राग आला. तेरा महिने मी झेक देशातल्या बेसिनमधले कप मोजत होते आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायला हवं होतं तो माणूस माझ्या शेजारच्या खोलीत झोपत होता.

"मग पोस्टाने का नाही पाठवलं?" मी विचारलं. "पाठवायचं होतं की! नापास होऊन परत यायला महिना गेला असता, मुदत संपली असती, तुमचं काम झालं असतं. हाताने देण्याचं हे नाटक कशाला केलं?"

"नाटक नाय." अण्णांनी फाईल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "पोस्टानं पाठवलं असतं तर तू येकली बसून वाट बघत ऱ्हायली असती. मला ते बघवलं नसतं. हितं मी तुज्या बाजूला असंन म्हनलं."

"आणि?"

"आनि काय. तुला नाय म्हनायची माझी हिंमत नाय, रूपे. मला वाटलं, ही काउंटरवाली म्हनंल."

मला रडू आलं. राग गेला नव्हता, तरी आलं. रस्त्यावर सिटी बस थांबली, माणसं उतरली, आमच्याकडे बघत गेली.

"सुयश तसा नाहीये, अण्णा," मी म्हणाले. म्हणताना माझ्या लक्षात आलं, की हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणतेय.

"नसंल," ते म्हणाले. "पिशोरच्या पोरीचा बाप बी हेच म्हनत व्हता." मग पुन्हा म्हणाले, "नसंल, माय. चल. वॉर्ड ऑफिस दीड वाजता जेवायला उठतं."

रिक्षाने आम्ही आधी त्यांच्या टेबलाशी गेलो, कारण नवीन प्रतीसाठी अर्ज लागणार होता. त्यांनी टेबलावरची ताडपत्री काढली, खुर्ची फडक्याने पुसली आणि मला बसायला सांगितलं. लहानपणी डबा घेऊन मी इथे कितीदा आले असेन, पण नेहमी त्यांच्या बाजूच्या स्टुलावर बसायचे. पक्षकाराच्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसले.

शेजारच्या टेबलावर अप्पाराव बसतात. तेही अर्जनवीस, अण्णांचे जुने दोस्त. त्यांनी काय झालं ते विचारलं. अण्णांनी दाखला पुढे केला.

"हात्तिच्या," अप्पाराव म्हणाले. "मूळ दाखला गहाळ झाला म्हून लिही आन् मोकळा हो. आपुन रोज लिहितो की."

"गहाळ कुठं झालाय? हा काय, हातात हाय."

"आरं, पन कारन तर लिहावं लागंल ना?"

"लिहितो."

अण्णांनी कोरा कागद घेतला, डावीकडे समास दुमडला आणि लिहायला सुरुवात केली. एकदाही न खोडता, न थांबता. मी त्यांच्या पेनाकडे बघत राहिले, पण उलट्या बाजूने मला अक्षरं लागत नव्हती.

अर्ज लिहून झाला की अण्णा तो पक्षकाराला वाचून दाखवतात. माणूस शिकलेला असो की अंगठेबहाद्दर, वाचून दाखवल्याशिवाय ते सही घेत नाहीत. तसा त्यांनी मलाही वाचून दाखवला, त्याच सपाट, मोठ्या आवाजात. अप्पाराव ऐकत होते, त्यांच्यापुढे बसलेल्या दोन बायका ऐकत होत्या.

"मी, रूपा सुयश गायकवाड, अर्ज सादर करते की, माझे विवाह नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र माझे वडील कडुबा साळवे यांनी लॅमिनेशन केले. असे प्रमाणपत्र व्हिसाच्या कामी चालत नाही, हे त्यांना आठ दिवस अगोदर समजले होते. मुलगी दूर जाईल या भीतीने त्यांनी ते मला सांगितले नाही. यात अर्जदाराची काहीही चूक नाही. तरी नवीन प्रत उद्या दुपारपर्यंत मिळावी, ही नम्र विनंती."

अप्पारावांनी चष्मा काढला. "असं कुनी लिहितं का, कडुबा?"

अण्णांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि इतका वेळ काउंटरपासून, पार्किंगपासून चुकवलेली नजर आता त्यांनी सरळ माझ्या नजरेला लावली होती.

"वाचून दाखवलं," ते म्हणाले. "समजलं का?"

"समजलं."

"ह्यातलं काय खोटं हाय का? आसंल तर आत्ताच सांगायचं."

हे ते प्रत्येकालाच विचारतात, आणि पस्तीस वर्षांत प्रत्येकाने त्यांना एकच उत्तर दिलेलं आहे.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. रस्त्यावरून एक ट्रक गेला, धुळीबरोबर वाऱ्याने कागद उचलला, तेव्हा अण्णांनी त्याचे दोन्ही कोपरे तळव्यांनी टेबलावर दाबून धरले. मी सहीत पूर्ण नाव लिहिते, त्याला वेळ लागतो. ते लिहून होईपर्यंत त्यांनी हात हलवले नाहीत.