न उचलायचा फोन

रविवारी दिवेलागणीला फोन वाजायचा आणि तो उचलायचा नाही, असा बहिरूच्या घरात नियम होता.

घर म्हणजे इंदिरानगरात बांधकाम चाललेल्या एका इमारतीच्या कडेला उभी केलेली पत्र्याची खोली. बहिरू त्या इमारतीचा राखणदार. मूळचा पेठकडच्या डोंगरातला. भात कापून झाला की तिकडची माणसं मजुरीला नाशकात उतरतात, तसा तोही उतरायचा. एका वर्षी ठेकेदाराने राखणीला ठेवून घेतलं आणि बायकोपोरासह तो इथलाच झाला.

रविवारी संध्याकाळी त्याची बायको भागीबाई पिशवीतून फोन काढायची, लुगड्याच्या पदराने पुसायची आणि उलट्या घातलेल्या पातेल्यावर ठेवायची. मग दोघं समोर बसून राहायची. फोन तीनदा वाजून गप्प व्हायचा.

"बरा हाय," भागीबाई म्हणायची.

बहिरू त्यानंतरच जेवायला बसायचा.

तीन वेळा वाजणारा तो फोन त्यांच्या मुलाचा, गोरखचा. दोन वर्षांपूर्वी साइटवरच्या सळया कमी भरल्या. सुपरवायझरने गोरखचं नाव घेतलं आणि बहिरूने खरंखोटं न करता चार माणसांत पोराच्या मुस्काटात मारली. वर म्हणाला, पुन्हा तोंड दाखवू नको. गोरखने तोंड दाखवलं नाही. त्याच आठवड्यात सळया सापडल्या. ट्रकवाल्याने त्या चुकून ठेकेदाराच्या दुसऱ्या साइटवर उतरवल्या होत्या. सुपरवायझर नुसता हसला आणि चहा पाजून मोकळा झाला. गोरखला मात्र हे कळायचंच राहिलं.

त्यानंतर कधीतरी रविवारचे मिस कॉल सुरू झाले. पहिल्यांदा भागीबाईने न कळून फोन उचलला होता. आवाज ओळखल्यावर तिला हुंदकाच आला, शब्द काही आला नाही. पलीकडून गोरख म्हणाला, "आये, मी बरा हाय. उचलू नको. उचलशील तर परत करणार नाय." आणि फोन ठेवला.

मोबाइल दुरुस्तीवाल्या फारुखने एकदा नंबर पाहून सांगितलं होतं, की हा गुजरातेतला बूथ आहे. पुढच्या खेपेला तो तिसऱ्याच राज्यातला निघाला. पोरगा ट्रकवर क्लीनर झाला असावा, असं बहिरू धरून चालला होता. उलट फोन लावला तर बूथवाला म्हणे, इथून दिवसाला शंभर माणसं फोन करतात.

दर रविवारी बहिरूच्या मनात येई, आज उचलू. एवढंच म्हणू, की सळया सापडल्या, माझं चुकलं. हात पातेल्यापर्यंत जाई. पण उचलला आणि पोराने सांगितलं तसं केलं तर? मग तो हात मागे घेई आणि स्वतःला समजावी, की पुढच्या रविवारी बघू. घाई काय आहे, फोन कुठे पळून जातो?

आणि एके दिवशी फोनच गेला.

गावाकडे चुलतभावाचा दहावा होता. भागीबाई म्हणाली होती, फोन ठेवून जा. पण सुपरवायझरचा हुकूम होता, की कुठेही गेलास तरी फोन चालू पाहिजे. बहिरूने तो सदऱ्याच्या वरच्या खिशात घातला. स्टँडवर पेठच्या गाडीला ही गर्दी. दारात रेटारेटी झाली, बहिरू आत ढकलला गेला, त्याला बसायला जागाही मिळाली. नशीब चांगलं म्हणून त्याने छातीवर हात ठेवला तेव्हा खिसा रिकामा होता.

शेजारी एक गुरुजी बसले होते. त्यांनी आपला फोन काढला. "नंबर सांग. रिंग तर देऊन बघू."

रिंग गेली. कुणीतरी उचललाही.

"हा फोन चोरीचा आहे," गुरुजी खणखणीत आवाजात म्हणाले. "मुकाट्यानं आणून दे. नाहीतर पोलिसांत देईन."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर स्विच ऑफ.

"दम द्यायला नको व्हता, गुरुजी," बहिरू हळूच म्हणाला.

"मग काय ओवाळायचं होतं त्याला?"

बहिरू उतरला. गुरुजींचं काही चुकलं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. पण आपण स्वतः बोललो असतो तर म्हटलं असतं, बाबा रे, फोन घे तुला, आतलं कार्ड तेवढं दे.

चौकीत हवालदार डबा खात होता. त्याने जेवण होईपर्यंत बसवून ठेवलं आणि मग विचारलं, "चोरीला गेला का हरवला?"

"खिशातून काढला."

"काढताना बघितलं?"

"बघितलं असतं तर धरला नसता का, साहेब?"

"मग हरवला." हवालदाराने कागद पुढे ओढला. "बिल आहे? खोका? खोक्यावर नंबर असतो फोनचा."

बिल नव्हतं, खोकाही नव्हता. फोन जुनाच घेतलेला. हवालदाराने तरी गहाळ झाल्याचा दाखला लिहून दिला. शिक्का मारताना म्हणाला, "फोनची आशा सोड. हा कागद दाखवून कार्ड दुसरं मिळेल. नंबर तोच राहतो."

बहिरूला एकदम हायसं वाटलं. नंबर तोच राहतो, ही गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. रविवारला अजून तीन दिवस होते. तो तसाच वडाळा नाक्यावर फारुखच्या टपरीवर गेला.

"बरोबर सांगितलं त्यांनी," फारुख म्हणाला. "डबडं गेलं तर गेलं, मामा. दुसरं मी देतो, पैशांचं बघू नंतर. नंबर वाचला म्हणजे सगळं वाचलं. चला, मी पण येतो."

कंपनीच्या ऑफिसात गारवा होता आणि फरशी इतकी चकचकीत की बहिरूने चपला दारातच काढल्या. काउंटरवर मोहिनी नावाची मुलगी होती. तिने दाखला वाचला, नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला आणि विचारलं, "काका, नाव काय तुमचं?"

त्याने सांगितलं. तिने पुन्हा पाहिलं.

"हे कार्ड तुमच्या नावावर नाही."

"माझंच हाय. दोन-तीन वर्सं झाली. याच्याकडनंच घेतलं."

फारुख खाली बघत होता.

"एका बाईंच्या नावावर आहे. सिन्नरच्या. त्यांना घेऊन या, पाच मिनिटांत करून देते. नाहीतर मला नाही देता येणार, काका. माझी नोकरी जाईल."

बाहेर आल्यावर फारुख म्हणाला, "मामा, तुमचं रेशनकार्ड गावी होतं तेव्हा. तुम्हाला तर त्याच दिवशी नंबर पाहिजे होता. एका गिऱ्हाइकाची झेरॉक्स जास्तीची पडली होती, ती लावून दिली. सगळे तसंच करायचे हो. कोण विचारत होतं तेव्हा?"

बहिरूला रागावता आलं नाही. कागद उद्या दे, आज नंबर घेऊन जा, असं फारुख म्हणाला तेव्हा आपणच किती खूश झालो होतो, ते त्याला आठवलं.

"कोण बाई?"

"सुमनबाई. वडाळ्यात भावाकडे यायच्या. चांगली बाई आहे. येईल ती."

दुसऱ्या दिवशी दोघं जीपने सिन्नरला गेले. सुमनबाईचं घर सापडलं. बाई खरंच चांगली होती. तिने फारुखला ओळखलं, पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अगं बाई, माझ्या नावावर दोन नंबर व्हय? येते की. माझं काय जातंय? सुनील येऊ द्या फक्त. त्याला सांगितल्याबिगर जात नाही मी."

सुनील तिचा मुलगा. एमआयडीसीत कामाला. पहिली पाळी संपवून तो आला, हातपाय धुऊन समोर बसला. आल्याआल्या उभ्यानेच ऐकलेलं त्याने आता पुन्हा पहिल्यापासून विचारलं.

"तुमचं नाव काय म्हणालात?"

"फारुख."

सुनीलने मान हलवली. ते वर्ष वाईट होतं. कुठल्या ना कुठल्या शहरात स्फोट झाल्याची बातमी यायची, आणि कुणाच्या नावावरचं सिमकार्ड कुणाकडे सापडलं याच्या गोष्टी टीव्हीवर चालायच्या.

"आणि ह्या नंबरावर तुम्हाला फोन कोण करायचं?" त्याने बहिरूला विचारलं.

"माझा पोरगा."

"कुठे असतो?"

"म्हाईत नाय."

"त्याचा नंबर?"

"त्याचा नंबर नाय. बूथवरनं करतो. आज इथं, उद्या तिथं."

"काय बोलायचा?"

"बोलायचा नाय. तीनदा वाजवायचा आन् ठेवायचा. दर रविवारी. आमी उचलायचो नाय."

बोलता बोलताच त्याला जाणवलं, की ही गोष्ट घरात जशी वाटते तशी इथे वाटत नाहीये. सुनील एकदा त्याच्याकडे, एकदा फारुखकडे बघत होता.

"म्हणजे आईच्या नावावरच्या नंबरावर," सुनील सावकाश म्हणाला, "दर रविवारी, ठरलेल्या वेळी, वेगवेगळ्या राज्यांतून, कुणीतरी तीन रिंगा देतं. आणि कुणीच बोलत नाही."

"अहो भाऊ, पोरगं रुसलंय त्यांचं," फारुख म्हणाला.

"मी तुमच्याशी बोलत नाहीये."

"सुनील," सुमनबाई म्हणाली.

"तू गप, आई. उद्या पोलीस आले तर तुला उचलतील. यांना नाही."

बहिरूला खूप सांगायचं होतं. सळयांचं सांगायचं होतं, मुस्काटात मारली ते सांगायचं होतं. पण परक्याच्या ओट्यावर ते कुठून सुरू करावं, हे त्याला सुधरेना. तो एवढंच म्हणाला, "साहेब, तो लय मानी हाय हो." सुनीलला त्याचा अर्थ लागला नाही. लागण्यासारखा नव्हताही.

"सोमवारी सुट्टी काढून येतो आईला घेऊन," सुनील शेवटी म्हणाला. त्याचा आवाज आता मऊ होता. "कंपनीच्या ऑफिसात जाऊन बघतो काय करायचं ते."

परतताना जीपमध्ये फारुख बाहेरच बघत बसला होता. बहिरू मात्र म्हणाला, "येतो म्हणाला की." फारुखने हो म्हटलं.

त्या रविवारी पातेल्यावर ठेवायला काही नव्हतं. भागीबाईने तरी ते उलटं घातलं आणि मग लक्षात येऊन भाकरीला पीठ घेतलं.

"आज बंद लागंल त्याला," ती म्हणाली. "एकांदा रविवार चुकला तर काय वाटंल?"

"काय नाय. चार्ज संपला असंल म्हणंल," बहिरू म्हणाला.

मंगळवारी तो ऑफिसात गेला. मोहिनीने त्याला पाहिलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगून ती काउंटरच्या बाहेर आली.

"काका, काल त्या बाई आल्या होत्या. मुलगा होता बरोबर."

"मग कार्ड?"

"त्यांनी नंबर बंद करून टाकला. कायमचा. मी म्हटलं त्यांना, की एक काका येऊन गेलेत. पण नाव त्यांचं, मला नाही म्हणता येत नाही."

"परत चालू?"

"नाही होत. काही महिन्यांनी तो दुसऱ्याच कुणाला तरी देतील. तुम्ही त्यांच्याकडे गेलाच नसता तर नंबर तसाच पडून राहिला असता कदाचित. पण मीच तुम्हाला जा म्हणाले ना."

"तुमचं काय चुकलं त्यात," बहिरू म्हणाला. तो दारात काढलेल्या चपलांकडे वळला.

रविवारी तो भागीबाईला घेऊन किराणा दुकानातल्या, नाणं टाकायच्या लाल फोनपाशी गेला आणि त्याने स्वतःचाच नंबर फिरवला. एक बाई मराठीत बोलली, मग हिंदीत, मग इंग्रजीत. त्याने फोन भागीबाईच्या कानाला लावला.

"काय म्हणते?" भागीबाईने विचारलं. "असा नंबरच नाय म्हणते?"

"हां."

"मंग गोरखला बी असंच म्हणंल?"

बहिरूने मान हलवली. पोरगा कुठल्या तरी ढाब्यावर उभा असेल, आणि त्याला वाटेल, बापाने नंबर बदलला. तोंड दाखवू नको म्हणाला होता, आता रिंगसुद्धा नको झाली. हे तो भागीबाईला बोलला नाही. तिच्या तोंडाकडे पाहून त्याला कळलं, की बोलायची गरज नाही.

फारुखने बहिरूच्या नावावर, रेशनकार्ड लावून, नवं कार्ड काढून दिलं. त्यावर सुपरवायझरचे फोन येत.

उन्हाळ्यात इमारत पुरी झाली. ठेकेदाराने पिंपळगाव बसवंतला कोल्ड स्टोरेजचं काम धरलं होतं. सुपरवायझर म्हणाला, "पगार जास्ती, खोली विटांची. दोन दिवसांत सामान हलव."

"मी नाय येत, साहेब."

"का? इथं काय ठेवलंय आता?"

"त्याचा नंबर गेला. आता जागा बी हलवली तर तो यायचा कुठं?"

सुपरवायझरने समजावलं, मग तो चिडला आणि खोलीचे पत्रे काढून घेऊन गेला. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बहिरूने बांबू आणि प्लास्टिक टाकून आडोसा केला. भागीबाईने त्याच इमारतीत चार घरची धुणीभांडी धरली. बहिरू नाक्यावर उभा राही. काम मिळालं तर जाई, पण लांबचं घेत नसे.

इमारतीच्या गेटवर आता एजन्सीचे गणवेशातले गार्ड बसत. बहिरू त्यांच्याशी ओळख करून घेई. मुळात तो न बोलणारा माणूस, त्यामुळे सुरुवात करायला त्याला दोन-तीन दिवस लागत. मग एखाद्या संध्याकाळी तो गेटपाशी जाऊन उभा राही.

"गोरख नावाचा कुणी आला तर हाकलू नका," तो म्हणे. "आमी इथंच हाय म्हणा. आन् त्याला सांगा, सळया सापडल्या."

"कसल्या सळया, बाबा?"

मग बहिरू सगळं सांगे. सळया कशा कमी भरल्या, आपण पोराला कसं मारलं, ट्रकवाल्याने त्या कुठे उतरवल्या होत्या. शेवटी, माझं चुकलं, असंही म्हणे. गार्ड ऐकून घेत. काही जण, सांगतो बाबा, असं म्हणतही.

गार्ड मात्र फार दिवस टिकत नसत. एजन्सी त्यांना दुसरीकडे पाठवी आणि खुर्चीत नवा माणूस येऊन बसे. बहिरू लांबून त्याच्याकडे बघत राही, दोन-तीन दिवस जाऊ देई, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगायला उठे.