दोघांनी उचलायचा बाक

मी एक जुना लाकडी बाक आहे, मित्रांनो. कोर्टाच्या इमारतीत माझं सारं आयुष्य गेलं. तुम्ही म्हणाल, बाकाची कसली आली कहाणी? लोक बसतात आणि उठतात. पण बाळांनो, माझ्यावर बसलेल्या माणसांचं अर्धं आयुष्य टांगणीला लागलेलं असे.

ज्या सुताराने मला घडवलं त्याचा हात सढळ होता. जाड फळ्या आणि त्याहून जाड पाय. मी तयार झालो तेव्हा तो मला एक टोक धरून उचलायला गेला आणि कंबर धरून खाली बसला. "हा एकट्याने हलायचा नाही," तो म्हणाला. त्याचं ते बोलणं मला उगीचच कौतुकाचं वाटलं.

आधी मी वरच्या मजल्यावर होतो, दिवाणी न्यायाधीशांच्या दालनाबाहेर. तिथे सर्व धर्मांचे लोक येत. पुढे खाली काझींचं दालन सुरू झालं आणि हमालांनी मला शिव्या घालत जिन्यावरून उतरवलं. आमच्या देशाचा कायदा सर्वांना एकच आहे. फक्त लग्न, फारकत, मुलांचा ताबा अशा घरगुती बाबींत मुसलमान कुटुंबांना काझींकडे न्याय मागता यावा, ही सोय त्याच कायद्याने केली. अट एकच, दोघांची खुशी हवी. एकानेही नको म्हटलं तर दोघांनी जिना चढून वर जायचं. काझींचा निकाल पटला नाही, तरी जिना आहेच.

आमचे काझीसाहेब चष्मा कपाळावर ठेवून टेबलभर शोधत बसणारे होते. दालनात त्यांनी खुर्च्या ठेवू दिल्या नाहीत. "नवरा-बायको एकाच बाकावर बसतील," ते म्हणत. "भांडायचं तर जवळून भांडा." एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला बायको आणि मध्ये दोघांचा एकेक मध्यस्थ. हे मध्यस्थ आपापल्या घरचे असावेत, अशी आमची रीत. कितीतरी जोडपी माझ्यावरून उठून दोन वाटांनी गेली. काहींचं वेगळं होण्यातच भलं होतं, हे मला त्यांच्या बसण्यावरून आधीच कळे.

पण एक खटला मी कधीच विसरणार नाही.

नवरा बस चालवायचा, बायको इस्पितळात परिचारिका होती. 'नोकरी सोड' असा त्याने हट्ट धरला, तशी ती माहेरी निघून गेली आणि तिने फारकतीचा अर्ज दिला. तारखेला दोघे आले. मध्यस्थांना आत बोलावलं, तर दारातून एकच म्हातारी बाई आत आली. अंगाने भक्कम, श्वास फुललेला, हातात पिशवी.

"दुसरे मध्यस्थ कुठे आहेत?" काझीसाहेबांनी विचारलं.

"दुसरे नाहीत. दोघांनीही मलाच बोलावलंय," बाई म्हणाली. "ह्याची मी चाची, हिची मी खाला, आईची बहीण. लग्नसुद्धा मीच जमवलं. आता कोणाला नाही म्हणू?"

नवरा-बायकोने चमकून एकमेकांकडे पाहिलं. दोघांनी एकमेकांना न विचारता एकच माणूस निवडलं होतं.

"पण आपा, मध्यस्थ दोन लागतात."

"मग मी दोनदा बसते की!"

आणि ती खरोखर बसली. आधी नवऱ्याच्या टोकाला. "माझा पुतण्या पहाटे बस काढतो. घरी येतो तेव्हा ही रात्रपाळीला निघालेली असते. दोघांची भेट दारात, किल्ली देण्यापुरती. बायको आहे की पाळी बदलणारा चौकीदार?" मग उठून ती बायकोच्या टोकाला गेली. तिथे बसताना माझ्या फळ्या करकरल्या. "माझी भाची रात्रभर आजाऱ्यांच्या उशाशी बसते. घरी येऊन काय ऐकायचं, तर नोकरी सोड! तेही ह्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं का? नाही. थोरल्या भावाकडून निरोप!"

बायकोला हसू आवरेना. ड्रायव्हर खाली मान घालून मिशीत हसला. मलाही वाटलं, सुटलं भांडण.

पण काझीसाहेब हसले नाहीत. "आपा, नियम उगीच केलेला नाही. दोघांच्याही मागे कोणीतरी उभं असावं, म्हणून तो आहे. तुम्ही कोणा एकाच्याच मागे उभ्या राहू शकाल. बाजू निवडा."

म्हातारी माझ्या मधोमध येऊन बसली. पिशवी तिने मांडीवर घेतली. मग ती म्हणाली, "मी हिच्याकडची. ह्याच्यासाठी बोलायला भाऊ आहेत, दोस्त आहेत. हिच्या माहेरी एकटी आई, हिच्यासाठी बोलणारं दुसरं कोणी नाही."

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. काझीसाहेब म्हणाले, "तुम्हाला पुढची तारीख देतो. भावाला घेऊन या."

"नको," तो म्हणाला. "भाऊ नको. मीच बोलतो."

 त्याने हाताने माझी कड घट्ट धरली. "रात्री घर खायला उठतं," तो म्हणाला. "एकट्याला झोप येत नाही. एवढा बाप्या माणूस, हे सांगू कोणाला? म्हणून म्हटलं, नोकरी सोड."

"हे मला का नाही सांगितलंत?" बायकोचा आवाज एकदम मऊ झाला. "दिवसपाळी मागून पाहिली असती मी. नोकरी मात्र सोडणार नाही. ते आजही नाही. आणि नुसत्या शब्दावर अर्जही मागे घेणार नाही."

काझीसाहेबांनी त्यांच्या लग्नाच्या करारात नवी अट घातली. नोकरीचा निर्णय तिचा. त्याने पुन्हा जबरदस्ती केली, तर वेगळं व्हायला तिला नवऱ्याची संमती लागणार नाही. ड्रायव्हरने सही केली, तिने अर्ज मागे घेतला. मग दोघे तो कागद घेऊन जिना चढले, वरच्या न्यायाधीशांचा शिक्काही घेऊन आले. काझींची सही आणि सरकारी शिक्का एकाच कागदावर पाहून चाचीने सुस्कारा सोडला आणि पिशवीतली पाण्याची बाटली सर्वांत फिरवली.

वर्षं गेली. ते काझीसाहेब निवृत्त झाले. दालनाला नवा रंग लागला आणि समोरासमोरच्या भिंतींना पोलादी खुर्च्या ठोकल्या. मी जिन्याखाली गेलो. माझ्या पाठीवर झाडू आणि ओली फडकी पडू लागली. कोणीतरी खडूने फुलीही मारली. भंगारात जाणार म्हणे. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. आता दालनात मध्यस्थांना ओरडून बोलावं लागे आणि घरातली गोष्ट माझ्यापर्यंत ऐकू येई.

आज सकाळी जिन्यापाशी ओळखीचा आवाज आला. "अहो, आपला बाक!"

तीच परिचारिका होती. डोळ्यांवर चष्मा आला होता. मागोमाग ड्रायव्हर, पिकल्या मिशीचा. नात्यातलं एक तरुण जोडपं फारकत मागायला आलं होतं. मुलाकडून मध्यस्थ हा आणि मुलीकडून ही. "चाची असती तर दोनदा बसली असती," तो म्हणाला आणि तिने माझ्या मधल्या फळीवरून हात फिरवला.

मग त्याने झाडू बाजूला केले आणि एकट्यानेच मला ओढू लागला. मी फरशीवर असा किंचाळलो की वरच्या मजल्यावरचे वकील डोकावले.

"थांबा, मी धरते दुसरं टोक," ती म्हणाली.

दोघांनी मला उचललं, मित्रांनो! दालनात आणून ठेवलं. नव्या काझींनी भुवया उंचावल्या, पण मग हातानेच बसायची खूण केली.

माझी एक फळी सैल झाली आहे. तिला खिळा मारा, फडक्याने पुसा, एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूंना थोडी डागडुजी पुरते. आणि तुमचं कोणाशी बिनसलं, तर निरोप धाडू नका. जाऊन शेजारी बसा. मन जुळलं तर आनंदच आहे. नाही जुळलं, तरी समोरासमोर बोलून वेगळे व्हाल.

आत्ता तो तरुण माझ्या टोकाला बसला आहे. काझींनी प्रश्न विचारला, तसा तो वळून ड्रायव्हरकडे बघू लागला.

"माझ्याकडे काय बघतोस?" ड्रायव्हर हळूच म्हणाला. "ती तिकडे बसलीय. तिला सांग."